शाल, श्रीफळ आणि सेवकाचा हिशेब

(सुवर्णमहोत्सवी समारंभात मुदखेड येथे केलेल्या भाषणाचा संपादित पाठ)



सुवर्णमहोत्सवात संस्थापकांचे व दात्यांचे ऋण मानले जाते, आणि ते उचितच आहे. परंतु आपण मला ‘धर्मादाय संस्था आणि तिचे कर्मचारी’ या विषयावर बोलण्याची आज्ञा केली, याचे मला विशेष अप्रूप वाटते. मी दाता नाही, विश्वस्तही नाही. एका धर्मादाय संस्थेत सत्तावीस वर्षे हिशेबनीस म्हणून नोकरी केलेला साधा मनुष्य आहे. त्या संस्थेचे नाव सांगण्याचे प्रयोजन नाही.

आपले गाव जंक्शनचे. गाडी सुखरूप पोहोचली की प्रवासी गाडीचे नाव घेतो. रुळांची देखभाल करणारा त्याच्या दृष्टीस पडत नाही. आमच्या वसतिगृहाच्या स्वयंपाकघरात अशाच एक मावशी होत्या. एकोणीस वर्षे त्यांनी मुलांना भाकरी करून वाढली. पगार दोन-दोन महिने थकला, तरी चूल कधी थकली नाही. कोणी विचारलेच, तर “ही नोकरी नव्हे, सेवा आहे” असे उत्तर मिळे. २००६ साली त्या निवृत्त झाल्या. संस्थेने शाल व श्रीफळ देऊन त्यांचा सत्कार केला. त्या खर्चाचे व्हाउचर मीच लिहिले.

दुसऱ्या दिवशी त्या माझ्या टेबलाशी आल्या आणि म्हणाल्या, “भाऊसाहेब, तुमच्या वहीत माझं काही निघतं का?”

निघत होते. संस्थेत बावीस कर्मचारी होते, म्हणजे १९७२ चा ग्रॅच्युइटी कायदा लागू होता. अखेरचा पगार २,४०० रुपये, सेवा १९ वर्षे. हिशेब सुमारे २६,३०० रुपये होत होता. मला तो ठाऊक होता. मी म्हणालो, “बघतो.” मला माझी नोकरी प्यारी होती. त्या पुन्हा आल्या नाहीत. दोष केवळ व्यवस्थापनाचा नव्हता. माझ्या मौनाचाही होता.

सेवेच्या ठिकाणी पैशाची भाषा अशोभनीय, असे आपण मानतो. परंतु पुण्याच्या डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे उदाहरण पाहावे. १८८४ साली स्थापन झालेल्या या संस्थेत आजीव सदस्य स्वतःच शिकवीत आणि स्वतःच कारभार पाहत. त्यागाबद्दल तेथे कोणाच्याच मनात शंका नव्हती. तरीही वेतन आणि बाहेरचे उत्पन्न या प्रश्नांवरून टोकाचे मतभेद झाले आणि १८९० साली लोकमान्य टिळकांनी सविस्तर कारणे लिहून राजीनामा दिला. एवढ्या थोर मंडळींतही हा प्रश्न केवळ सद्भावनेवर सुटला नाही. टिळकांना आपले म्हणणे लिहिता आले, म्हणून ते इतिहासाला ठाऊक झाले. मावशींना लिहिता येत नव्हते.

आज ही जबाबदारी अधिक वाढली आहे. १९७८ साली सर्वोच्च न्यायालयाने बंगळूर पाणीपुरवठा मंडळाच्या खटल्यात ‘उद्योग’ या शब्दाचा अर्थ व्यापक केला, त्यामुळे अनेक धर्मादाय संस्थांचे कर्मचारीही औद्योगिक कायद्याचा आधार घेऊ शकले. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलात आलेल्या औद्योगिक संबंध संहितेने मात्र पूर्णतः अथवा मुख्यतः धर्मादाय, सामाजिक वा परोपकारी कार्य करणाऱ्यांच्या संस्था त्या व्याख्येबाहेर ठेवल्या आहेत. कर्मचाऱ्याने दाद मागण्याचे एक दार असे लहान झाले असेल, तर संस्थेने आपले दार मोठे करावयास नको काय?

यासाठी आपल्याला दूर जावे लागत नाही. श्रावकाच्या अहिंसाणुव्रताचे पाच अतिचार सांगितले आहेत. त्यांत अतिभारारोपण, म्हणजे शक्तीबाहेर ओझे लादणे, आणि अन्नपाननिरोध, म्हणजे आश्रिताचे अन्नपाणी अडविणे, हे दोन आहेत. बैलाच्या पाठीवर जास्त ओझे घालताना आपला हात थांबतो. मग एकाच स्वयंपाकिणीवर तिघींचे काम टाकताना तो का थांबू नये? पगार थकविणे हे कोणाच्या तरी घरचे अन्न अडविणेच नव्हे काय?

म्हणून या मंगल प्रसंगी तीन नम्र सूचना करतो. पहिली, प्रत्येक सेवकाला, मग तो झाडलोट करणारा का असेना, लेखी नेमणूकपत्र द्यावे. दुसरी, दरमहा ठरलेल्या तारखेला पगार व्हावा. बांधकामाचे बिल त्यानंतर द्यावे. तिसरी, वर्षातून एकदा विश्वस्तांनी सेवकांसमवेत बसावे आणि त्या दिवशी केवळ ऐकावे. संवत्सरीला आपण सर्वांची क्षमा मागतो; पण ज्याचे देणे वहीत बाकी आहे, त्याची क्षमा देणे चुकते केल्यावरच मागावी.

शाल पांघरावी, श्रीफळ द्यावे. आमचा त्यास विरोध नाही. परंतु त्या आधी वही उघडावी, आणि मावशींनी विचारण्यापूर्वीच हिशेबनिसाने सांगावे, “मावशी, तुमचे इतके निघते.”