शिंगाळ्याचे पितृव्रत

हैदराबादला समुद्र नाही. तरीही समुद्राची वार्ता कोळ्यांना येथूनच जाते. १९९९ साली स्थापन झालेले भारतीय राष्ट्रीय महासागर माहिती सेवा केंद्र याच शहरात आहे. उपग्रहांनी टिपलेल्या पाण्याच्या उष्णतेवरून व रंगावरून मासळी कोठे सापडेल, हे ते कळविते. परंतु तळाशी काय चालले आहे, हे उपग्रहास कसे दिसावे?

शिंगाळा हा किनाऱ्यालगतच्या चिखलट तळाशी वावरणारा मासा. त्याच्या अंगावर खवले नसतात. पाठीवर व दोन्ही बाजूंच्या परांत दातेरी विषारी काटे असतात. मिशांनी चिखल चाचपून तो भक्ष्य शोधतो. मादी गोटीएवढी मोठी, पण मोजकीच अंडी घालते. नर ती तोंडात धरतो आणि पिले स्वतंत्र होईपर्यंत कित्येक आठवडे उपाशी राहतो.

१९८० च्या सुमारास कर्नाटकाच्या किनाऱ्यावर, थव्याला वेढा घालणाऱ्या पर्ससीन जाळ्यांत असे नर मोठ्या संख्येने सापडले. तोंडातील अंडी वाया गेली आणि पुढे तेथील शिंगाळा विरळ झाला. लाखो अंडी घालणाऱ्या माशाची हानी समुद्र लवकर भरून काढतो. मोजक्या अंड्यांवर वंश चालविणाऱ्याची नाही. म्हणून मासळी कोठे आहे याबरोबरच ती केव्हा धरू नये, हेही सांगितले गेले पाहिजे.