मर्दनोपचाराच्या खोलीत

(आपल्या ज्ञातिसंस्थेच्या वार्षिक संमेलनात दिलेल्या व्याख्यानाचा मजकूर)



चिटणीसांनी आम्हांस व्याख्यानाचा विषय विचारला तेव्हा आम्ही ‘मर्दनोपचार’ असे सांगितले. ते क्षणभर थबकले आणि मग हळूच म्हणाले, “म्हणजे मालीशच ना? सभेला भगिनीही असणार आहेत.” चिटणीस भले गृहस्थ आहेत, त्यांस दोष देण्याचा आमचा हेतू नाही. परंतु त्यांच्या त्या थबकण्यामुळेच हा विषय येथे मांडला पाहिजे असे आमच्या मनाने घेतले.

भौतिकोपचार, म्हणजे ज्यास आता लहानथोर फिजिओथेरपी म्हणतात, तो व्यवसाय आम्ही चौतीस वर्षे केला. प्रथम मुंबईच्या एका रुग्णालयात व पुढे स्वतःच्या दवाखान्यात. एवढ्या काळात आपल्या ज्ञातीतील मंडळींविषयी आमचा एक ग्रह झाला आहे. आपली माणसे ह्या उपचारास येतात ती उशिरा, आणि आल्यावर टेबलावर पालथी पडून दातओठ खाऊन गप्प राहतात. उशीर होतो तो लाजेमुळे. गप्प राहणे मात्र आपण सद्गुण मानतो. ‘सोसायची सवय आहे हो’ हे वाक्य आम्ही किती वेळा ऐकले असेल ह्याची गणती नाही. ह्या सोसण्याने काय होऊ शकते हे पुढे सांगणारच आहोत.

वास्तविक अंगास तेल लावून घेणे आपणांस परके नाही. नरकचतुर्दशीच्या पहाटेचे अभ्यंग, बाळंतिणीचे तेल आणि शेक, कोल्हापूरच्या तालमीत मल्लांचे होणारे मर्दन हे सर्व आपल्या डोळ्यांपुढचे आहे. चरकाचार्यांनी तेल मुरवलेल्या घागरीची, कातड्याची आणि वंगण दिलेल्या आसाची उपमा देऊन अभ्यंगाचे गुण वर्णिले आहेत. वाग्भटांनी तर त्यास दिनचर्येत स्थान दिले. आणि लगोलग तो कोणी करू नये हेही सांगितले. कफाचा विकार असेल, अजीर्ण झाले असेल किंवा नुकतेच शोधन घेतले असेल, तर अभ्यंग वर्ज्य. दिवाळीत आपण पहिला भाग आवडीने पाळतो, दुसरा कोणास आठवत नाही. तेलाच्या आधी विचारपूस हवी हे त्या जुन्या वैद्यांस ठाऊक होते, इतकेच आम्हांस ह्यातून दाखवावयाचे आहे.

चिटणीसांच्या मनात आलेली शंका साहेबाच्या देशातही एकेकाळी आली होती. लंडनमध्ये मर्दनाच्या नावाखाली भलतेच व्यवसाय चालतात असा गवगवा १८९४ साली वैद्यकीय नियतकालिकातून झाला. तेव्हा प्रामाणिकपणे हे काम करणाऱ्या चार परिचारिकांनी आपल्या कामाची अब्रू राखण्याकरिता त्याच वर्षी एक संस्था स्थापन केली. डॉक्टरच्या सांगण्यावाचून कोणास हात लावावयाचा नाही, हा त्यांच्या पहिल्या नियमांपैकी एक. ब्रिटनमधील भौतिकोपचारकांची आजची सनदी संस्था त्या रोपट्यातूनच वाढली. १९२० साली तिला राजाची सनद मिळाली. आपल्याकडे ह्या विद्येचे रीतसर शिक्षण १९५० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत परळच्या के. ई. एम. रुग्णालयात सुरू झाले. लाजेचा प्रश्न सोडवण्यापासूनच ज्या व्यवसायाचा आरंभ झाला, त्याच्या दारातून लाजेने परत फिरण्याचे कारण नाही.

आता आपण दवाखान्यात शिरू.

पहिली दहापंधरा मिनिटे कोणी तुमच्या अंगास हात लावणार नाही. प्रश्न विचारले जातील आणि ते दुखण्याशी असंबद्ध वाटतील. मान दुखते आहे आणि हे मधुमेहाचे काय विचारतात, असे पुष्कळांस वाटते. परंतु मधुमेहाने पायाच्या संवेदना कमी झालेल्या असतात. त्या पायावर शेकाची पिशवी ठेवली तर कातडी भाजेपर्यंत रुग्णास कळत नाही. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असतील तर साध्या दाबानेही काळेनिळे डाग उमटतात. हाडे ठिसूळ झालेल्या वृद्धेच्या बरगड्यांवर जोर देऊन चालत नाही. ताप, त्वचेचा रोग, उघडी जखम, पायांवरच्या फुगलेल्या शिरा, कर्करोग, नुकतीच झालेली शस्त्रक्रिया, भगिनींच्या बाबतीत गरोदरपण, ह्यांतले जे असेल ते न विचारताही सांगावे. औषधांची नावे तोंडपाठ नसतात, म्हणून गोळ्यांची पाकिटेच पिशवीत घालून आणावीत.

ह्या विचारपुशीचे मोल आम्ही स्वतः कसे शिकलो ते सांगितले पाहिजे. सांगताना आजही संकोच वाटतो. वीसएक वर्षांपूर्वी आपल्याच ज्ञातीतील पासष्टीच्या एक बाई आमच्याकडे आल्या. घोट्याचे हाड मोडले होते, प्लॅस्टर निघून चारच दिवस झाले होते. “पोटरीत गोळा आल्यासारखा वाटतो, जरा जोर लावून चोळून द्या,” असे त्या म्हणाल्या. घरोब्याचे संबंध. घरच्या माणसास काय प्रश्न विचारावयाचे, अशा भिडेने आम्ही विचारपूस गाळली आणि हातावर तेल ओतून घेतले. दारापाशी त्यांची सून उभी होती. ती म्हणाली, “आई, हा पाय त्या पायापेक्षा जाड दिसतोय. काल पुसताना गरमही लागला.” बाई मागे न पाहता म्हणाल्या, “त्यांना कळतं सगळं. तू गप्प बस.”

आम्ही फीत घेऊन दोन्ही पोटऱ्या मोजल्या. चार सेंटिमीटरांचा फरक भरला. तेल पुसून टाकले आणि त्यांस तेथूनच डॉक्टरांकडे पाठवले. सायंकाळी सोनोग्राफीत पोटरीच्या आतल्या शिरेत रक्ताची गुठळी दिसली. दीर्घकाळ हालचाल न झालेल्या पायात अशी गुठळी होऊ शकते. तो पाय रगडला असता ती सुटून रक्ताबरोबर फुप्फुसात जाण्याचा धोका असतो, आणि तसे झाल्यास माणूस दगावू शकतो. बाई औषधांनी बऱ्या झाल्या, पुढे पुष्कळ वर्षे आमच्याकडे हळदीकुंकवाचे बोलावणे पाठवीत असत. गप्प बसावयास सांगितलेली ती सून त्या दिवशी बोलली नसती तर काय झाले असते, हा विचार मात्र आमची पाठ सोडीत नाही. मोजण्याची ती फीत आम्ही त्या दिवसापासून टेबलाच्या उशाशी खिळ्याला टांगून ठेवली. दवाखाना बंद करीपर्यंत ती तेथेच होती.

असो. प्रश्न संपले की तपासणी होते. हात वर करा, मान वळवा, वाका असे सांगतात. त्यानंतर वस्त्रांचा प्रश्न येतो. उपचार ज्या भागावर असेल तेवढाच उघडा करावयाचा व बाकी अंगावर चादर असावयाची, अशी रीत आहे. कपडे उतरवताना उपचारकाने खोलीबाहेर जावे. भगिनींस स्त्री उपचारक मागण्याचा, तसेच सोबत आपले माणूस खोलीत ठेवण्याचा पूर्ण अधिकार आहे, आणि तो मागितल्याने कोणी रागावत नाही. जेथे रागावतात तेथून उठून यावे. जेथे चादरीची टाळाटाळ होते तेथे तर टेबलावर चढूच नये.

पालथे निजल्यास घोट्यांखाली आणि उताणे निजल्यास गुडघ्यांखाली उशी देतात; त्यायोगे कंबरेवरचा ताण उतरतो. तेल थोडेच लागते. अंगावरून तेल निथळले म्हणजे उपचार चांगला झाला, ही समजूत दिवाळीपुरती ठीक आहे. एखाद्या तेलाने अंगास खाज सुटत असेल तर आधी सांगावे; पावडरनेही काम होते.

आरंभी उपचारक तळहाताने लांब, संथ हात फिरवतो. हातापायांवर ही दिशा हृदयाकडे असते, कारण शिरांतील रक्त त्या दिशेने परतत असते. त्याच वेळी त्याचे हात तुमचे स्नायू चाचपून कोठे गाठ आहे, कोठे कातडी आखडली आहे, हे पाहत असतात. मग कणीक तिंबावी तसे स्नायू उचलून मळतात. गाठीच्या जागी अंगठ्याने वा बोटांच्या टोकांनी आडवे, खोल घर्षण करतात. सर्वांत दुखते ते हेच. क्वचित ओंजळीसारख्या पोकळ तळव्यांनी थापटतात. शेवटी पुन्हा संथ हात. एका भागास पंधरावीस मिनिटे आणि सर्वांगास पाऊण ते एक तास लागतो.

ह्या काळात तुम्ही काय करावयाचे? श्वास कोंडू नये आणि बोलावे. दुखणे दोन जातींचे असते. ‘तिथेच, अजून जरा दाबा’ असे ज्यास म्हणावेसे वाटते ते बरे वाटणारे दुखणे. त्याची भीती नाही. सुरीसारखे तीक्ष्ण, विजेच्या झटक्यासारखे पायात किंवा हातात उतरणारे, अथवा मुंग्या आणणारे दुखणे दुसऱ्या जातीचे. ते जाणवताच ‘थांबा’ म्हणावे. शून्य म्हणजे काही नाही आणि दहा म्हणजे असह्य, ह्या मापाने दुखणे किती, असे आम्ही विचारीत असू. आपली मंडळी आठ असताना चार सांगतात. एक निवृत्त फौजदार घामाने भिजलेले असताना ‘दोन’ म्हणाल्याचे आम्हांस स्मरते. ह्या परीक्षेत कमी गुण सांगितल्याबद्दल बक्षीस नसते. घट्ट झालेला स्नायू वेदनेने अधिकच आवळतो, म्हणजे सोसण्याने उपचाराचे कामही बिघडते.

कित्येकांस टेबलावर झोप लागते, पोटात गुरगुर होते. काहींच्या डोळ्यांत, विशेषतः ज्यांच्या अंगास अनेक वर्षांत कोणी मायेने हात लावलेला नाही अशा एकाकी वृद्धांच्या डोळ्यांत, पाणी येते. त्याची लाज बाळगू नये. उपचारकासही त्यात नवल वाटत नाही. तो काही न बोलता हात चालू ठेवतो.

उठताना एकदम उठू नये. कुशीवर वळावे, पाय खाली सोडून मिनिटभर बसावे आणि मग उभे राहावे. रक्तदाबाच्या गोळ्या घेणाऱ्यांस घेरी येण्याचा संभव असतो. पुढचे एकदोन दिवस नव्याने व्यायाम केल्यावर येतो तसा ठणका राहील. तो वाढतच गेला, बधिरपणा आला, हातापायातला जोर कमी झाला किंवा पाय सुजला, तर ‘मालिशीने असे होतेच’ म्हणून घरी न थांबता डॉक्टरांकडे जावे.

मर्दनाने शरीरातली विषे बाहेर पडतात असे हल्ली ऐकू येते. त्यास आधार नाही. चरबी वितळते हेही खरे नाही. तसे असते तर घाम गाळणारा उपचारकच प्रथम सडपातळ झाला असता. मुरगळलेला पाय पहिले दोन दिवस चोळू नये. कोणी मान धरून कडकन वळवू लागल्यास त्याचा हात धरावा. मेंदूकडे जाणाऱ्या रक्तवाहिनीस त्याने इजा झाल्याची उदाहरणे आहेत. तान्ह्या बाळाच्या नाकाकानात तेल घालण्याची चाल तर आता घराघरांतून बंदच व्हावयास हवी.

मर्दनाने वेदना कमी होते, आखडलेपण सुटते, झोप लागते. परंतु कंबरदुखीत हा आराम बहुधा अल्पकाळचा असतो असे अभ्यासांतून दिसते. त्या सुटलेल्या अवधीत व्यायाम करून घ्यावयाचा असतो. म्हणून जो उपचारक घरी करण्याचे दोनचार व्यायाम शिकवीत नाही आणि बैठकांची संख्या मात्र वाढवीत नेतो, त्यास कारण विचारावे. त्याची नोंदणीही विचारावी. महाराष्ट्रात भौतिकोपचारकांची नोंद ठेवणारी परिषद आहे आणि २०२१ साली संसदेने ह्या व सहयोगी व्यवसायांसाठी देशभराचा कायदा केला आहे. नोंदणीचा कागद भिंतीवर असतो. तो वाचल्याने कोणाचा अपमान होत नाही.

वेळ संपल्याची खूण चिटणीस करीत आहेत. ज्यांस मान, खांदा वा गुडघा दाखवावयाचा असेल त्यांनी पलीकडच्या खोलीत यावे; भगिनींनी सोबत कोणास तरी आणावे, आणि सुनांनी जरूर यावे. मात्र सर्वांनी भोजनापूर्वी यावे. आज पंगतीत जिलबी आहे असे कळते. जेवण झाल्यावर निदान दीड तास आम्ही कोणाच्या अंगास हात लावीत नाही.