जुन्या मोटारसायकलचे सैल हँडल

जुन्या मोटारसायकलचा मालक ‘हँडल सैल झाले’ असे म्हणतो, तेव्हा त्या एका शब्दात चार-पाच निरनिराळ्या व्याधी कोंबलेल्या असतात. एखाद्याची गाडी सावकाश चालताना डावी-उजवीकडे भरकटते. दुसऱ्याची ब्रेक दाबताच पुढून ‘टक्’ असा आवाज करते. तिसऱ्याचे हँडल ताशी पन्नास-साठ किलोमीटरच्या वेगात एकाएकी थरथरू लागते आणि घाट उतरताना हातातून सुटते की काय, अशी धास्ती घालते. तक्रारीचा शब्द एकच असल्यामुळे उपायही एकच योजला जातो : वरचा नट आवळणे. हा उपाय काही वेळा योग्य असतो, पुष्कळदा निरुपयोगी असतो, आणि कधीकधी मूळ दुखण्याहून घातक ठरतो.

उदाहरणादाखल जुनी बुलेट घ्यावी. १९५५ साली मद्रास मोटर्स आणि इंग्लंडमधील रेडिच येथील कंपनी यांच्या सहकार्याने एन्फील्ड इंडिया स्थापन झाली आणि मद्रासजवळ तिरुवोत्तियूर येथे ही गाडी तयार होऊ लागली. सैनिक आणि पोलीस यांच्यापासून गावोगावच्या दूधवाल्यांपर्यंत अनेकांनी ती वापरली, आणि त्या पिढीतील कितीतरी गाड्या आजही रस्त्यावर आहेत. हिच्या सांगाड्याच्या पुढच्या टोकाला एक आखूड जाड नळी असते. तिला गाडीची मान म्हटले तरी चालेल. या मानेच्या वरच्या व खालच्या तोंडाशी पोलादी वाट्या बसवलेल्या असतात. त्यांच्यासमोर कोन, आणि दोहोंच्या मध्ये पाव इंच व्यासाचे छर्रे. पुढचे चाक, चिमटा, दिवा आणि हँडल हा सारा संसार या छर्ऱ्यांवर फिरतो.

परंतु फिरण्यासाठी केलेले हे छर्रे प्रत्यक्षात फारसे फिरत नाहीत. सरळ रस्त्यावर हँडल जेमतेम एक-दोन अंश इकडेतिकडे होते. त्यामुळे प्रत्येक खड्ड्याचा धक्का त्याच छर्ऱ्यांमार्फत वाटीच्या त्याच जागेवर बसत राहतो. तेथील ग्रीस हळूहळू बाजूला सारले जाते, पोलादावर पोलाद घासते आणि वाटीत बारीक खळगे पडतात. हँडल सैल असेल, तर प्रत्येक धक्का हातोड्यासारखा बसून हे काम अधिक लवकर उरकते.

परीक्षेला विशेष साधने लागत नाहीत. गाडी मधल्या स्टँडवर घ्यावी आणि इंजिनाखाली लाकडाचा ठोकळा सारून पुढचे चाक जमिनीपासून उचलावे. एका माणसाने गाडी स्थिर धरावी. दुसऱ्याने चिमट्याचे दोन्ही पाय खालून धरून पुढेमागे हलवावेत आणि त्याच वेळी तिसऱ्याने मानेच्या खालच्या सांध्यावर बोट टेकवावे. तेथे हालचाल जाणवली, तर दोष मानेतल्या बेअरिंगचा आहे. सांधा निश्चल राहून नळ्या जेथे एकमेकींत सरकतात तेथे खुळखुळ जाणवली, तर चिमट्यातील बुश झिजले आहेत. मग वरचा नट कितीही आवळला तरी काही साधणार नाही. चाक कडेला धरून आडवे हलवल्यावर ते आसावर डुलले, तर चाकाचे बेअरिंग गेले. मागच्या चाकालाही हीच परीक्षा लावावी, कारण मागच्या दोलायमान दांड्यांचे बुश झिजले असता गाडी मागून वळवळते आणि आळ मात्र हँडलवर येतो. टायरमधली कमी हवा, सैल तारा आणि कॅरियरवर लादलेले अवजड सामान यांचाही या दोषात मोठा वाटा असतो. हवा तर सर्वांआधी पाहावी. तिला खर्च नाही.

यानंतरची परीक्षा नाजूक आहे. चाक अधांतरी असतानाच हँडल एका बोटाने अगदी सावकाश या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवावे. बरोबर मध्यावर ते किंचित अडकून बसल्यासारखे वाटले, तर वाटीत खळगे पडले आहेत. असे हँडल आवळून सरळ होत नाही. मध्यावरचा सैलपणा जाईपर्यंत आवळले, तर वळणावर ते घट्ट होते.

मध्ये खाच नसून केवळ सैलपणा असेल, तर मात्र नट आवळणे योग्य. आधी पकडीचा बोल्ट ढिला करावा, मग वरचा नट थोडा थोडा फिरवीत सैलपणा जाईपर्यंतच आवळावा. पकड पुन्हा घट्ट केल्यावर ताण बदलतो, म्हणून परीक्षा पुन्हा घ्यावी. योग्य ताणाची खूण अशी की, हलकेच टिचकी देताच चाक आपल्या भाराने कुशीवर पडले पाहिजे. जुन्या केबल हँडलला ओढून धरीत नाहीत ना, तेही पाहावे. पुष्कळ कारागीर येथे जोर दाखवतात, आणि घट्ट हँडलची गाडी हाती देताना मालकही समाधान पावतो. ते समाधान खोटे असते. दुचाकी सरळ जाते ती हँडलच्या असंख्य सूक्ष्म दुरुस्त्यांमुळे. त्यांना अटकाव झाला की दुरुस्ती उशिरा व अधिक होते, आणि गाडी नागमोडी जाऊ लागते.

खळगे पडले असतील, तर वाट्या, कोन आणि छर्रे असा सारा संच बदलावा. नव्या छर्ऱ्यांत जुने मिसळू नयेत. चिमटा खाली घेताना छर्रे ओघळतात, म्हणून खाली कापड अंथरावे. वर्तमानपत्रावरून ते उड्या मारीत पळतात. नवी वाटी चौफेर सारखी ठोकीत बसवावी. तिरपी बसलेली वाटी नवी असूनही जुन्यासारखी वागते. छर्रे भरपूर ग्रीसमध्ये बसवावेत आणि शेवटी थोडी जागा मोकळी राहते, ती तशीच राहू द्यावी. तेथे एक जादा छर्रा दडपून बसवण्याचा मोह पुष्कळांना होतो. पण मग सारे छर्रे एकमेकांना घासत अडकतात.

नवा संच पहिल्या काही दिवसांत आपल्या जागी दबून बसतो, त्यामुळे दोन-तीनशे किलोमीटर धावल्यावर थोडा सैलपणा पुन्हा दिसतो. तो दोष नव्हे. चाक पुन्हा उचलून तीच परीक्षा घ्यावी आणि लागेल तेवढाच नट फिरवावा.