पुस्तकांच्या गाडीतला उजेड

माझ्या धाकट्या भावाची एक व्हॅन आहे. शाळेच्या दिवसांत ती मुलांची ने-आण करते आणि मे महिन्यात दारात उभी असते. तीन वर्षांपूर्वी सुट्टी लागल्यावर आम्ही तिच्या मागच्या सीटा काढल्या, फळ्या बसवल्या, चारेकशे पुस्तकं रचली आणि संध्याकाळी मिरजेजवळच्या गावांतून, आरग-बेडगच्या बाजूला, हिंडू लागलो. मुलं गाडीत चढून पुस्तकं चाळायची आणि मोठी माणसं पारावर बसून कविता ऐकायची. आता याला उजेड पाहिजे. उन्हाळ्यात पत्र्याची गाडी म्हणजे तापलेला तवा, तेव्हा पंखेही पाहिजेत. आणि कवी म्हटला की त्याला माइक लागतोच!

भावाच्या मुलानं हे सगळं गाडीच्या बॅटरीला जोडून दिलं. दोन एलईडी नळ्या, दोन छोटे पंखे, अ‍ॅम्प्लिफायर आणि मोबाइल चार्ज करायला एक सॉकेट. पहिल्या रात्री तीन तास मैफल रंगली. निघताना भावानं सेल्फ मारला तर नुसतं टकटक. रात्री दहा वाजता श्रोत्यांनीच गाडी ढकलून दिली. माझ्या कवितेला यापेक्षा दणकट दाद कधी मिळालेली नाही.

यातला हिशेब मी बी.ए. असूनही मला जमायला हवा होता. सगळं मिळून 80 वॅट. त्याला 12 व्होल्टनं भागलं की साडेसहा अँपिअरच्या वर जातं. तीन तासांत 20 अँपिअर-अवर खर्च. आमची बॅटरी 35ची. निम्म्याहून जास्त आम्हीच खाल्ली, मग सेल्फला काय उरणार? शिवाय गाडीची बॅटरी एका दमात जोर लावण्यासाठी केलेली असते. तिला अशी रोज उपसली तर ती लवकर बाद होते.

पुतण्या म्हणाला, “बडे अब्बा, दुसरी बॅटरी टाकू.” विचार बरोबर होता. त्यानं सीटच्या मागे दुसरी बॅटरी ठेवली आणि पहिलीपासून तिच्यापर्यंत तार ओढली. तार बारीक, एक चौरस मिलिमीटरची. मधल्या पत्र्याला भोक पाडून तशीच आरपार घातली. फ्यूज नाही. दोन दिवस सगळं झकास चाललं. तिसऱ्या दिवशी बेडगहून परतताना जळकट वास आला. भावानं गाडी थांबवली, हाताला लागेल ते फडकं गुंडाळून तार उपटली. तारेवरचं प्लास्टिक मऊ होऊन पत्र्याच्या धारेनं कापलं गेलं होतं. वीतभर अंतरावर पुस्तकांचे गठ्ठे होते. त्याच जागी जूनपासून शाळेची मुलं बसणार होती. घरी येईपर्यंत भाऊ एक शब्द बोलला नाही. रात्री एवढंच म्हणाला, “भाईजान, हे सगळं काढून टाकतो.”

मी त्याला एका जुन्या मिस्त्रींकडे नेलं. आमच्या मिरजेत सतारीच्या तारा जुळवणारी घराणी आहेत, पण गाडीची तार हातात घेऊन ती किती तापेल हे सांगणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला. “फ्यूज कशासाठी असतो, सर?” त्यांनी मला विचारलं. मी म्हणालो, पंखा जळू नये म्हणून. ते हसले. “फ्यूज तारेसाठी असतो. तार जेवढं झेलते त्याच्या आत फ्यूजनं तुटलं पाहिजे.”

मग त्यांनी सहा चौरस मिलिमीटरची तार घेतली. रिकामी झालेली बॅटरी भरताना सुरुवातीला खूप करंट ओढते, त्यात बारीक तार टिकत नाही. तारेच्या दोन्ही टोकांना, बॅटरीच्या अगदी जवळ, 30 अँपिअरचा हिरवा फ्यूज. दोन्हीकडे का? कारण दोन्हीकडे बॅटरी आहे. मधे तार कुठं घासली तर करंट दोन्ही बाजूंनी धावून येतो. पत्र्याच्या भोकात रबरी ग्रोमेट बसवलं. मधे एक रिले टाकला. इंजिन चालू होऊन डायनामो भरायला लागला की तो दोन्ही बॅटऱ्या जोडतो, इंजिन बंद झालं की तोडतो. म्हणजे मैफल कितीही लांबली तरी सेल्फची बॅटरी शाबूत. दिवे, पंखे, माइक यांच्यासाठी निराळा 10चा लाल फ्यूज. दुसरी बॅटरीही त्यांनी बदलायला लावली. हळूहळू वीज देणारी, जाड प्लेटांची घेतली. ती पट्ट्यानं आवळली आणि वरती हवेला वाट ठेवली, कारण भरताना हायड्रोजन सुटतो.

काम सुरू करताना त्यांनी आधी निगेटिव्ह टोक सोडलं आणि जोडताना ते सगळ्यात शेवटी लावलं. पुतण्याला पान्हा दाखवून म्हणाले, “निगेटिव्ह लावलेलं असताना हा पॉझिटिव्हवरून घसरून बॉडीला लागला की दिवाळी.” पुतण्या वहीत सगळं उतरवून घेत होता. त्याला कुणी रागावलं नाही, हे मला फार बरं वाटलं.

फ्यूजच्या डबीच्या झाकणावर कुठला फ्यूज कशाचा हे लिहायचं काम माझ्याकडे आलं. मिस्त्रींनी वाचून पाहिलं आणि ‘प्रकाश’ खोडून ‘लाइट’ लिहायला लावलं. रात्री रस्त्यावर उघडणाऱ्याला पटकन कळायला हवं, म्हणाले.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी भाऊ दुसरी बॅटरी उतरवून घरात ठेवतो. मोकळ्या तारेत वीज राहू नये म्हणून दोन्ही हिरवे फ्यूज काढतो आणि काडेपेटीत घालून माझ्या हवाली करतो. ती काडेपेटी माझ्या टेबलाच्या खणात असते. एप्रिल संपला की तो ती मागायला येतो.