लाकडी घर आणि चुन्याचा घुमट

(मंडळाच्या गेल्या वर्षीच्या गणेशोत्सवात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



माझा भाचा बोस्टनजवळ राहतो. त्याने घर घेतले, फोटो पाठवले. आईने चष्मा लावून ते पाहिले आणि मला विचारले, "एवढे पैसे मोजून लाकडाचं घर? आणि भिंत म्हणे ठोकली तर पोकळ वाजते!" मी सिव्हिलचा डिप्लोमा करून सरकारी खात्यात नोकरीला लागलेला माणूस, विटेच्या भिंतीवर विश्वास असणारा. आईला उत्तर द्यायचे म्हणून वाचायला बसलो आणि फिरत फिरत आपल्या कतारगाम दरवाजाच्या कबरस्तानात जाऊन पोहोचलो. ते कसे, तेवढेच आज सांगणार आहे.

१६०७ साली इंग्रजांनी अमेरिकेत जेम्सटाउन वसवले. पुढच्याच वर्षी, १६०८ मध्ये, त्यांचे पहिले जहाज सुरतेच्या किनाऱ्याला लागले. एकाच देशाची माणसे, एकाच सुमारास, दोन दिशांना गेली. तिकडे मॅसॅच्युसेट्समध्ये त्यांना मिळाले अफाट जंगल. गावाकडे ओकच्या लाकडाचा सांगाडा उभा करून मध्ये काठ्या-मातीचे भरण करायची त्यांची पद्धत होती. तोच सांगाडा इथेही उभा केला, पण थंडी-वाऱ्यापुढे नुसती माती टिकेना म्हणून बाहेरून फळ्या ठोकल्या. उभट छप्पर, मध्यभागी जाडजूड धुराडे, खिडक्या लहान. डेडहॅम गावातले फेअरबँक्स कुटुंबाचे १६४० च्या आसपासचे असे घर अजून उभे आहे. खाली दक्षिणेला सांता फे इथे स्पॅनिश लोकांनी कच्च्या विटांचे, सपाट धाब्याचे राजभवन बांधले, कारण तिथल्या लोकांना मातीचेच काम येत होते. ग्रीक खांब, रोमन घुमट, राष्ट्राध्यक्ष जेफरसन यांची हौस, हे सगळे पुढच्या शतकातले. ते आज सोडून देतो.

आता सुरत. इथे इंग्रज घर करायला आले नव्हते, व्यापाराला आले होते. १६१३ मध्ये बादशाही फर्मान मिळाले, पण कोठी भाड्याच्या घरात. त्यामुळे त्यांनी इथे खरे मन लावून बांधले ते काय, तर कबरी. जिवंतपणी भाडेकरू, मेल्यावर मालक!

त्यातली सगळ्यात मोठी कबर जॉर्ज ऑक्सेंडनची. हे नाव आपल्याला परके नाही. जानेवारी १६६४ मध्ये शिवाजी महाराज सुरतेवर आले, तेव्हा सुभेदार इनायतखान किल्ल्यात दडून बसला आणि इंग्रजांची कोठी ज्याने लढवली तो हाच ऑक्सेंडन. १६६९ मध्ये तो इथेच वारला. भाऊ क्रिस्टोफर दहा वर्षे आधीच गेला होता. त्याच्याच कबरीला लागून याची बांधली. सुमारे चाळीस फूट उंच, दुमजली, जाड खांब, वर घुमट, भोवती सज्जा आणि चढायला जिना. लांबून पाहणाऱ्याला एखाद्या मोगल अमिराचा मकबराच वाटावा. डच लोकांनी मग आपल्या व्हान रीडसाठी अष्टकोनी, दुहेरी घुमटाची कबर उभारली, इंग्रजांना मागे टाकायलाच, असे म्हणतात. मलबारच्या वनस्पतींवर बारा खंडांचा ग्रंथ करवून घेणारा हा माणूस १६९१ मध्ये गेला.

ज्यांचे भाऊबंद तिकडे फळ्या ठोकत होते, त्यांनी इथे घुमट का बांधले? मला तरी वाटते, वीट, चुना आणि घुमट वळवणारा गवंडी इथे तयार होता. आणि दबदबा दाखवायचा तो इथल्या दरबाराला आणि सावकारांना. त्यांना इंग्लंडमधले देऊळ काय कळणार?

आईला हे सगळे सांगितले. ती म्हणाली, "पण आपलं गोपीपुऱ्यातलं घर तरी कशाचं होतं?"

मी गप्पच झालो. माझा जन्म ज्या भाड्याच्या घरात झाला ते सागवानाचेच होते. आधी खांब-तुळयांचा सांगाडा, मग मध्ये विटा. भाच्याच्या घराचीच जात, फक्त त्याच्या भिंतीत विटा नाहीत. ओटल्यावरच्या खांबांना कोरीव घोडे होते, त्यांना लटकून आम्ही मार खाल्ला आहे. १८३७ च्या आगीत सुरतेची हजारो घरे जळाली, तरी जुन्या भागात अशी घरे आजही दिसतात. आमचे ते घर तीन वर्षांपूर्वी पाडले. लाकूड घनफुटाच्या भावाने गेले. पाडायच्या आदल्या दिवशी मी तिथे उभा होतो, खिशात टेपही होती. पण मी एकही माप घेतले नाही. नोकरीत दिवसभर मापेच घेतो, म्हणून असेल.

आपल्या मंडळातल्या एका जुन्या कुटुंबाचे असेच घर दिवाळीनंतर उतरवणार आहेत. ते त्यांचे घर आहे, वाटण्या आहेत, जिने म्हाताऱ्यांना चढवत नाहीत. पाडू नका म्हणायचा मला अधिकार नाही. मात्र त्यांनी मला दोन रविवार दिले आहेत. टेपचे दुसरे टोक धरायला आणि फोटो काढायला चार तरुण मुले हवी आहेत. कागद आणि पेन्सिली मी आणीन. पहिल्या रविवारी सकाळी सातला आधी कतारगाम दरवाजाला जमू, ऑक्सेंडनची कबर पाहू आणि तिथून कामाला जाऊ. पाण्याची बाटली प्रत्येकाने आपापली आणावी.