पत्त्यापुढची लाल चांदणी
(माजी विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



समितीने मला सांगितलं, "तू सॉफ्टवेअरवाली, तुझ्या क्षेत्रातलं काहीतरी बोल." म्हणून माझ्याच एका चुकीपासून सुरुवात करते.

या मेळाव्याच्या नोंदणीचा फॉर्म मी तयार केला. नाव, तुकडी, फोन, पत्ता. पत्त्यापुढे लाल चांदणी, म्हणजे तो भरल्याशिवाय नोंद होत नाही. जुन्या रजिस्टरातली नावं त्यात भरताना एका नावापाशी अडले. पाचवी ते सातवी माझ्या शेजारी बसणारी मुलगी. रजिस्टरात तिच्या पत्त्याचा रकाना कोरा. तिची आई दादरच्या फुलबाजारात पहाटे हार ओवायची आणि ते कुटुंब पुलाखाली राहायचं. आम्हा मुलींना ते माहीत होतं, पण कोणी बोलायचं नाही. घाईत मी ते नाव वगळलं आणि पुढचं घेतलं.

त्या रात्री झोप लागेना. मी एका क्लिकमध्ये जे केलं, तेच आपली शहरं वर्षानुवर्षं करत आली आहेत.

आपल्याकडची मोजणी घर धरून चालते. जनगणनेत आधी घरांना क्रमांक पडतात, मग त्यांतली माणसं मोजली जातात. ज्यांना घरच नाही त्यांच्यासाठी एक रात्र राखलेली असते. २०११ मध्ये ती २८ फेब्रुवारीची रात्र होती. देशभरात सुमारे १७.७ लाख बेघर मोजले गेले. २००१ मध्ये ते १९.४ लाख होते. आकडा घटला म्हणून बरं वाटतं, पण फक्त शहरं पाहिली तर तो ७.८ लाखांवरून ९.४ लाखांवर गेला होता.

आता अशा एका रात्रीत कोण निसटत असेल, विचार करा. लग्नाच्या हॉलवर भांडी घासणारा कामावर असतो. एकटी बाई मुद्दाम कुणाला दिसणार नाही अशा आडोशाला झोपते. पोलीस हटकतील या धास्तीने कितीतरी जण जागा बदलत राहतात. दुकानाच्या माळ्यावर झोपणारा पोरगा घरात धरायचा की बेघर? फूटपाथवर ताडपत्री बांधून वीस वर्षं राहिलेलं कुटुंब कुठल्या रकान्यात? मोजणारा कितीही प्रामाणिक असला तरी रकानेच अपुरे पडतात.

बरं, जे मोजले गेले त्यांचं तरी काय? २०११ मध्ये मुंबईत सुमारे ५७ हजार बेघरांची नोंद झाली. सरकारी निकष सांगतो, शहराच्या दर एक लाख लोकसंख्येमागे किमान शंभर जणांची निवाऱ्यात सोय हवी. मुंबईची लोकसंख्या तेव्हा सव्वा कोटीच्या आसपास. म्हणजे हा किमान निकष पुरता पाळला तरी सोय होते साडेबारा हजारांची. मोजलेल्या पाच जणांपैकी जवळजवळ चार जण बाहेरच. कारण हा हिशोब बेघर किती यावर नाही, शहर केवढं यावर बांधला आहे.

आणि जागा मिळाली तरी ती लांब असेल तर पहाटे फुलबाजार कसा गाठायचा? नवरा एका निवाऱ्यात, बायको-मुलं दुसऱ्यात, असं असेल तर कोण जाईल?

वेगळ्या रीतीने मोजता येतं, हेही याच शहराने दाखवलं आहे. १९८५ मध्ये स्पार्क या संस्थेने भायखळा भागातल्या फूटपाथवर राहणाऱ्या सुमारे सहा हजार कुटुंबांची पाहणी केली. अहवालाचं नाव होतं 'वुई, द इन्व्हिजिबल', म्हणजे आम्ही, न दिसणारे. तिथल्या बायकांशी आधी ओळख झाली, मग प्रश्न विचारले गेले. पुढे फूटपाथवरच्या अशाच बायकांची 'महिला मिलन' ही संघटना उभी राहिली. एका रात्रीत टॉर्च मारून हे झालं नसतं.

मित्रमैत्रिणींनो, फॉर्ममधली ती चांदणी मी काढून टाकली आहे. आपल्या यादीत तिचं नाव आता आहे, पत्त्याचा रकाना कोरा आहे. सातवीनंतर ती शाळेत का आली नाही, हे आम्ही तेव्हा कुणालाच विचारलं नाही. तुमच्यापैकी कोणाला ती कुठे असते हे ठाऊक असेल, तर जेवणाच्या सुट्टीत मला जरूर भेटा.