सहलीच्या कागदावर भरतीची वेळ नव्हती

(परंदवडी इथं तरुण-तरुणींच्या बैठकीत केलेलं भाषण, थोडं संपादित करून.)



मला विषय दिला होता ‘शैक्षणिक सहली आणि मुस्लीम पालक’. मी काही शिक्षणतज्ज्ञ नाही. इंजिनिअरिंग केलं, सॉफ्टवेअर लिहितो आणि आयुष्याचा बराच भाग सोमाटणे फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये घालवतो. तेव्हा विषय जरा लहान करतो आणि एकाच सहलीबद्दल बोलतो. माझ्या भाचीच्या.

ती नववीत आहे. शाळेनं यंदा हिवाळ्यात सात दिवसांची सहल काढली. अलिबाग, खांदेरी, मुरूड-जंजिरा आणि शेवटी मांडव्याहून लाँचनं मुंबई, घारापुरी. म्हणजे रायगडच्या किनाऱ्यावरची बेटं. संमतिपत्र घरी आलं आणि चार दिवस फ्रिजच्या दारावर चुंबकाखाली अडकून राहिलं. आपल्याकडे ‘नाही’ असं कुणी म्हणत नाही. कागद फ्रिजवर राहतो आणि तारीख निघून जाते. तुमच्यापैकी किती मुलींचे कागद असे राहिले, हात वर करायला सांगत नाही.

बाजीचं म्हणणं, सात रात्री म्हणजे फार झालं. दुल्हाभाईंचं म्हणणं, खाण्याचं काय. मी म्हटलं, कोकणात जातेय, मासे खाईल, माशाला कुणी हलाल विचारत नाही. पण खरी अडचण वेगळीच होती, ती कुणी बोलत नव्हतं. शेवटी अम्मीच बोलली. १ फेब्रुवारी २०१६. मुरूडच्या समुद्रात पुण्याच्या एका कॉलेजचे १४ विद्यार्थी बुडाले, तो दिवस. त्यात आपल्या मुलामुलींची नावं होती. ज्यांची लेकरं गेली त्यांच्या ओळखीपाळखीचं कुणी ना कुणी पुणे जिल्ह्यातल्या प्रत्येक मोहल्ल्यात आहे. अम्मीनं त्या दिवशी टीव्ही बंद केला होता, एवढं मला आठवतं. आणि आता नात त्याच मुरूडला निघालेली.

या भीतीला मी मागासलेपणा म्हणणार नाही. आपल्या सभांमधून पालकांना तसं ऐकवायची सवय आहे, म्हणून मुद्दाम सांगतो. अम्मीची भीती बरोबर होती. चूक एवढीच, की भीतीचा प्रश्न कुणी करत नव्हतं. प्रश्न केला की त्याला उत्तर मिळतं, किंवा उत्तर नाही हे तरी कळतं.

म्हणून मी सहलीचं वेळापत्रक मागवून घेतलं. दुसऱ्या दिवशी लिहिलेलं होतं: दुपारी २, कुलाबा किल्ला, चालत. अलिबागचा कुलाबा किल्ला तुम्ही पाहिला असेल. ओहोटीला पाणी ओसरतं तेव्हा किनाऱ्यावरून पायी जाता येतं आणि भरतीला त्याचं बेट होतं. मी त्या तारखेचं भरती-ओहोटीचं कोष्टक पाहिलं. पूर्ण भरती दुपारी पावणेचारच्या सुमारास. म्हणजे दोन वाजता मुलं निघाली असती तेव्हा पाणी चढत असणार. सरांनी अर्थातच तिथं गेल्यावर पाणी बघून मुलांना थांबवलं असतं, पण कागदावर ती वेळ नव्हती हे खरं. मी शाळेला तीन गोष्टी विचारल्या: प्रत्येक मुलासाठी लाइफ जॅकेट आहे का, पोहता येणारी मोठी माणसं किती आणि बाईंपैकी कोण सोबत आहे. आणि कुलाबा सकाळी करा, असं सुचवलं. शाळेनं वाईट वाटून घेतलं नाही, वेळापत्रक बदललं. सर म्हणाले, आजवर पालक फक्त पैसे आणि परतायची वेळ विचारतात.

आता थोडं गणित. ऑफिसात माझा एक सहकारी रत्नागिरीचा आहे. त्यानं मला कोळ्यांचा हिशोब सांगितला होता. तिथीची पाऊणपट करायची, तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणजे सहाच्या सुमारास भरती. पौर्णिमेला सव्वाअकरा. मग पुन्हा प्रतिपदेपासून सुरू. भरती रोज साधारण पन्नास मिनिटं पुढे सरकते, म्हणून पाऊण. एका भरतीनंतर सहा तासांनी ओहोटी आणि सव्वाबारा-साडेबारा तासांनी पुन्हा भरती. अमावस्या-पौर्णिमेला उधाण, पाणी जास्त चढतं आणि जास्त उतरतं. अष्टमीला भांग, चढउतार कमी. हा हिशोब मुंबई-रायगडच्या किनाऱ्याला चालतो, जगभर नाही.

भाचीला मी हे सांगितलं, तर ती म्हणाली, “मामू, आपल्याकडे तिथी कुठे आहे?” आमच्या स्वयंपाकघरात मशिदीचं कॅलेंडर आहे. अम्मी तिकडे न बघताच म्हणाली, “उस दिन चांद की तीन तारीख है.” अम्मीला चांदाची तारीख नेहमी पाठ असते. इंग्रजी तारीख मात्र विचारावी लागते.

हिजरी महिना सुरू होतो चांद दिसल्यावर, आणि चांद दिसेपर्यंत तिथी एक-दोननं पुढे गेलेली असते. म्हणून चांदाच्या तारखेत एक मिळवायचा, असं आम्ही ठरवलं. तीन अधिक एक, चार. चारची पाऊणपट तीन. भरती तीनला, ओहोटी सकाळी सव्वानऊला. तिनं वहीत लिहून घेतलं. संमतिपत्रावर सही झाली ती त्याच रात्री. अम्मी सही करणारी नव्हती, पण तिनं कागद फ्रिजवरून काढून बाजीच्या हातात दिला.

पुढचं मी तिच्या वहीतून सांगतोय, मी सहलीला गेलो नव्हतो.

अलिबागच्या किनाऱ्यावर मुलं नऊला पोचली, तेव्हा वाटेत अजून पाणी होतं. सव्वानऊलाही होतं. सरांच्या मोबाइलवरच्या कोष्टकात ओहोटी दहाची. हिची पाऊण तासाची चूक. वैतागून बसली असताना जाळं निवडणाऱ्या एका कोळी आजोबांनी हिशोब ऐकला आणि विचारलं, “पहिल्या दिवशी चांद कसा होता? बारीक, का चांगला जाड?” ती म्हणाली, जाड होता. “मग तो जुना चांद. एक नको, दोन मिळव.” दोन मिळवले. पाच. पाचाची पाऊणपट पावणेचार, आणि ओहोटी दहाच्या सुमारास. माझ्या धंद्यात याला ‘एकानं चुकणं’ म्हणतात आणि त्यापायी आम्ही रात्र रात्र जागतो. आजोबांनी ते जाळ्यावरची नजर न काढता दुरुस्त केलं. (कोष्टक हातात असेल तर कोष्टकावरच विश्वास ठेवा. हा हिशोब कोष्टक बरोबर वाटतंय का, हे बघायला.)

किल्ल्यात गणपतीचं मंदिर आहे आणि हाजी कमालुद्दीन शाह यांचा दर्गाहही. तिनं दोन्हींची चित्रं काढलीत. गोड्या पाण्याच्या विहिरीबद्दल मात्र जवळजवळ एक पान लिहिलंय. समुद्राच्या मधोमध गोडं पाणी कसं, हे तिला अजून पटलेलं नाही.

दुसऱ्या दिवशी खांदेरी. हे बेट १६७९ मध्ये शिवाजी महाराजांनी ताब्यात घेतलं आणि मायनाक भंडारींच्या देखरेखीखाली तिथं किल्ल्याचं बांधकाम सुरू झालं. मुंबईच्या तोंडाशी किल्ला होतोय म्हणून इंग्रज आरमार घेऊन आले. त्यांच्यासोबत जंजिऱ्याचा सिद्दी आला. आणि मराठ्यांच्या आरमाराचं नेतृत्व करत होता दौलत खान. सरांनी हे बेटावर, दीपगृहाजवळ उभं राहून सांगितलं. इंग्रज आणि सिद्दी एका बाजूला, दौलत खान आणि मायनाक भंडारी दुसऱ्या. खांदेरी मराठ्यांकडेच राहिलं. सिद्दीनं मग शेजारचं उंदेरी १६८० मध्ये बळकावलं. आणि आणखी दहा वर्षं जाऊ द्या. १६८९ मध्ये तोच जंजिऱ्याचा सिद्दी, याकूत खान, मुंबईत उतरला आणि त्यानं इंग्रजांनाच त्यांच्या किल्ल्यात कोंडून ठेवलं. वहीत तिनं बाणांची आकृती काढायचा प्रयत्न केलाय. तीन वेळा खोडलीय.

मग मुरूड. राजपुरीहून शिडाच्या होडीनं जंजिरा. होडीतल्या माणसानं तोफांची नावं सांगितली, किल्ला कुणालाच जिंकता आला नाही ते सांगितलं. आणि होडी दरवाज्याला लागत असताना वर्गातला एक मुलगा हिला म्हणाला, “हा तुमचा किल्ला ना?”

वाईट हेतूनं म्हणाला नसेल. तिच्या डब्यातली खीर खाणारा मुलगा आहे. पण तुम्ही सगळे हसलात, म्हणजे हे वाक्य तुम्हाला ओळखीचं आहे. मॅचच्या दिवशी, इतिहासाच्या तासाला, सिनेमा सुटल्यावर. तिनं उत्तर दिलं, “माझा कसा? मी परंदवडीची. माझा लोहगड.”

मी हे ऐकलं तेव्हा मला आनंद झाला, लपवत नाही. लोहगड आपल्याच मावळातला. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांचे १२ किल्ले जागतिक वारशाच्या यादीत घेतले, त्यात लोहगड आहे आणि खांदेरीही. ट्रेकला जाणाऱ्या कुणाही मुलीइतकाच तो तिचा आहे. पण रात्री विचार करताना मला वाटलं, तिला उत्तर द्यावं लागलं, हेच मुळात काय आहे? आणि जंजिरा झटकून टाकायची तरी गरज का पडावी? सिद्दी कोण होते? आफ्रिकेतून, हबशी मुलखातून आलेले लोक, त्यातले कितीतरी गुलाम म्हणून विकलेले. त्यातून ते दर्यावर्दी झाले, सरदार झाले, पुढे त्यांचं संस्थान झालं, ते १९४८ मध्ये भारतात विलीन झालं. त्या बेटावर त्यांच्याआधी राम पाटील या कोळी सरदाराची मेढेकोट होती, ती निजामशाहीच्या माणसांनी कपटानं घेतली. सिद्दींनी किनाऱ्यावरच्या गावांना त्रासही दिला. यातलं माझं काय, तुझं काय? मी सिद्दींचा अभिमान बाळगायला बांधील नाही आणि त्यांच्या वतीनं माफी मागायलाही.

आणि शब्द बघा. ‘जंजिरा’ म्हणजे ‘जझीरा’, अरबीत बेट. मराठ्यांच्या कागदपत्रांत तो सिद्दींच्या किल्ल्यापुरता नाही. तिथं ‘जंजिरे सुवर्णदुर्ग’, ‘जंजिरे विजयदुर्ग’ असं लिहिलेलं सापडतं. समुद्रातला किल्ला म्हणजे जंजिरा, मग तो कुणाचाही असो. भाचीला मी हे सहलीनंतर सांगितलं. ती म्हणाली, आधी सांगायचं ना मामू, होडीत उपयोगी पडलं असतं.

मुरूडच्या किनाऱ्यावर मुलांनी फक्त घोट्यापर्यंत पाय भिजवले. सर आणि बाई पाण्याच्या बाजूला रांगेत उभे, मुलं वाळूच्या बाजूला. तिनं त्या दिवसाबद्दल वहीत एकच ओळ लिहिलीय, ती मी वाचणार नाही. संध्याकाळी तिनं अम्मीला फोन केला होता. मला वाटतं, सात दिवसांतला सगळ्यात मोठा फोन तोच.

घारापुरीबद्दल थोडंच. लेणी सगळे बघतात. हिनं बाकं टाकून बसलेल्या तिथल्या मुलींशी गप्पा मारल्या आणि कळलं, की बेटावर समुद्राखालच्या केबलनं वीज आली ती २०१८ मध्ये. मुंबईचे दिवे समोर दिसतायत आणि आपल्या घरी जनरेटर, तोही संध्याकाळचे काही तास. परतीच्या लोकलमध्ये मुली यावरच बोलत होत्या म्हणे, लोणावळ्यापासून घरापर्यंत.

आता कामाचं बोलतो. आता पुढच्या वर्गाची सहल निघतेय, तीच बेटं. त्या वर्गात आपल्या मोहल्ल्यातल्या चार मुली आहेत. संमतिपत्रं शनिवारपर्यंत द्यायची आहेत आणि माझ्या माहितीप्रमाणे त्यातली तीन अजून फ्रिजवर आहेत. शाळेला विचारायच्या प्रश्नांचा एक कागद मी छापून आणलाय, मराठीत आणि उर्दूत. तुमच्यापैकी कुणाची ती बहीण असेल, तर घेऊन जा, घरी बसून आई-वडिलांबरोबर वाचा. प्रश्न विचारायला जायचं असेल तर मी सोबत येतो, शुक्रवारी संध्याकाळी मोकळा आहे. आणि यंदा कुलाब्याचा दिवस चांदाची अकरा आहे, अम्मीनं सांगितलंय. तिथी काढून ओहोटी किती वाजता, ते चहा होईपर्यंत सांगा.